जुन्या २४०झेडमध्ये नवं इंजिन: आधी पत्रा बघा, इंजिन शेवटी निवडा

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. सॅन होजेजवळच्या एका जुन्या शेडमधून तुम्ही १९७२ची डॅटसन २४०झेड उचललीत. बारा-पंधरा वर्षं ती जागची हललेली नाही आणि इंजिन जाम आहे. गाडी नव्यासारखी करून तिच्यात आजच्या काळातलं, चारशे हॉर्सपॉवरचं इंजिन बसवायचंय. निसानचं आरबी२६ घ्यावं की शेव्हर्लेचं एलएस व्ही-८, हा तुमचा मुख्य प्रश्न. शिवाय पुढे कधी गाडी पुण्याला नेली तर काय, असंही विचारलंय.

दोन्ही इंजिनं माझ्या हातून अशा गाड्यांत बसली आहेत, चांगली चालतातही. तरी आज मी तुम्हाला दोन्हींपैकी एकही सांगणार नाही. कारण तुमच्या पत्रात इंजिनाबद्दल पंधरा ओळी आहेत आणि पत्र्याबद्दल फक्त ‘थोडा गंज आहे’ एवढे तीन शब्द.

मी कोल्हापूरचा. उद्यमनगरात वडिलांचं गॅरेज होतं. पेट्रोल जीपचं इंजिन उतरवून डिझेल बसवायचं काम तिथे इतकं चालायचं की इंजिन बदलणं मोठी गोष्ट आहे असं मला लहानपणी कधी वाटलंच नाही. पण त्या जीपला खाली जाडजूड चासी असायची. वर काय चढवलंय याचं तिला सोयरसुतक नसे. झेडला अशी वेगळी चासी नाही, तिचा पत्रा हीच तिची चासी. पुढून येणारे पातळ पत्र्याचे दोन पोकळ रेल सीटच्या खाली येऊन संपतात, तिथून पुढचा सगळा ताण फ्लोअर आणि दाराखालच्या पेट्या झेलतात. इथे सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात बावीस वर्षं मी याच गाड्या करतोय. अर्धवट सोडलेली झेड माझ्याकडे आली की तिच्यात इंजिन बहुतेक वेळा छान बसलेलं असतं. खालचा पत्रा मात्र तसाच सडका असतो, पैसे संपलेले असतात आणि मालकाचा उत्साहही.

म्हणून पहिलं काम. इंजिन जाम आहे म्हणून भंगारात देऊ नका. ब्लॉकवर, स्पार्क प्लगच्या बाजूला, नंबर ठोकलेला असतो, तो बॉनेटखालच्या कंपनीच्या पट्टीवरच्या नंबराशी ताडून बघा. जुळला तर ते इंजिन गाडीबरोबर आयुष्यभर राहिलं पाहिजे, मग ते गाडीत असो नाहीतर तेल भरून, गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेलं असो. २०२० मध्ये १९७१ची एक २४०झेड लिलावात ३,१०,००० डॉलरला गेली. तशी गाडी लाखात एक असते, तुमची तितक्याला जाईल असं मी म्हणत नाही, पण मूळ इंजिनाची किंमत लोक कुठवर मोजतात ते यावरून समजतं.

आणि जाम म्हणजे मेलेलं नव्हे. प्लग काढा, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि अॅसिटोन निम्मं-निम्मं मिसळून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं थोडं ओता आणि आठवडाभर मुरू द्या. मग क्रँक पुलीच्या बोल्टवर लांब दांड्याचा पाना लावून हाताने ताण द्या. सेल्फ मारायचा नाही, नाहीतर अडकलेल्या रिंगा तुटतील. ही एल मालिकेची सहा सिलिंडर इंजिनं फार चिवट आहेत. गेल्या वर्षी अशाच एका इंजिनाने नवव्या दिवशी पाव इंच मान हलवली, तेव्हा मी आणि मालक दोघंही शेडमध्ये टाळ्या वाजवत होतो.

आता गंज. एक लोहचुंबक, एक टोच्या आणि चांगला टॉर्च घ्या. बॉनेट उघडून बॅटरीचं तबक बघा. पन्नास वर्षं तिथे अॅसिड ठिबकलेलं असतं, आणि तबकाच्या बरोबर खालून पुढचा रेल जातो. वरून फक्त तबक सडलेलं दिसतं. खालून डांबरी थर खरवडलात की रेलची चाळण झालेली सापडते. मग विंडस्क्रीनखालची जाळी: पाणी तिथून आत जाऊन फेंडरच्या मागून खाली उतरतं, पानं अडकली की तुंबतं आणि आतून खातं. त्यानंतर मागच्या चाकापुढचा वळलेला कोपरा, दाराखालच्या पेट्या, स्टेपनीचा खड्डा आणि डिकीचं दार टेकतं ती पट्टी. चुंबक जिथे धरत नाही तिथे आधीच्या कुणीतरी लांबी (पुट्टी) भरलेली आहे असं समजा. रेलवर जॅक लावून लावून ते खालून चपटे झालेलेही आढळतील. सरळ दिसत असले तरी बोट फिरवून बघा.

फ्लोअर कापायच्या आधी दाराच्या चौकटीत चौकोनी नळीचे आडवे-तिरपे आधार वेल्ड करून घ्या. ही पायरी गाळल्याचं नुकसान फ्लोअर बसवून झाल्यावर कळतं, दार लागत नाही तेव्हा. पत्रा मिलिमीटरपेक्षाही पातळ आहे. सलग वेल्डिंग ओढलंत तर तो वाकणारच. एक टाका इथे, पुढचा वीतभर लांब, मध्ये गार होऊ द्यायचं. कंटाळवाणं काम आहे, पण गाडी याच कामाने उभी राहते. बॉनेट, छत आणि दारांवर वाळूचा मारा करू नका, पत्र्याला लाटा येतात. वाळू खालच्या भागाला आणि सस्पेन्शनच्या सुट्या भागांना ठीक. हे झालं की मगच सीटखाली संपणारे रेल मागच्या भागापर्यंत जोडून घ्या. दोनशेच्या वर हॉर्सपॉवर घालणार असाल तर मी हे केल्याशिवाय इंजिनाला हात लावत नाही.

एवढं झाल्यावर इंजिनाचं बोलू. मूळ एल२४ इंजिन २,३९३ सीसीचं, कागदावर १५१ हॉर्सपॉवर. हा आकडा त्या काळच्या अमेरिकन ‘ग्रॉस’ पद्धतीचा आहे, म्हणजे एअर क्लीनर, पंखा, गाडीचा सायलेन्सर असलं काही न लावता बेंचवर मोजलेला. चाकापर्यंत त्यातलं बरंच कमी पोचतं. तरीही ही गाडी चपळ वाटते, कारण तिचं वजन जेमतेम १,०५० किलो आहे. म्हणूनच आजच्या पद्धतीने मोजलेल्या १५५ हॉर्सपॉवरच्या साध्या इंजिनानेसुद्धा झेडमध्ये खरा फरक पडतो. चारशेचा आकडा तुम्ही दीड टनाच्या गाड्या बघून मनाशी धरलाय.

एलएसबद्दल एक गैरसमज सर्रास ऐकू येतो, की एवढं मोठं व्ही-८ घातलं की गाडीचं नाक जड होतं. अॅल्युमिनियमच्या एलएस१चं वजन झेडच्या बिडाच्या सहा सिलिंडर इंजिनापेक्षा फार वेगळं नाही, आणि लांबीला आखूड असल्यामुळे ते मागे सरकवून बसवता येतं. वजनाचा तोल बिघडत नाही. अडचण टॉर्कची, म्हणजे पिळाच्या जोराची आहे. मूळ इंजिनाचा टॉर्क दोनशे न्यूटन-मीटरच्या आत, एलएस१चा साडेचारशेच्या पुढे, तोही खालच्या आरपीएमपासून. तो टॉर्क मूळ आर१८० डिफरन्शिअलमधून (दोन्ही मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरमधून) जाऊन मागच्या चाकांना फिरवणाऱ्या आखूड दांड्यांच्या, म्हणजे स्टब अॅक्सलच्या २५ दात्यांवर येतो. त्यामुळे एलएस घालायचं म्हणजे आर२०० डिफरन्शिअल, २८०झेडचे २७ दात्यांचे स्टब अॅक्सल, नवे हाफ शाफ्ट, रुंद टायर आणि ते टायर आत मावावेत म्हणून पुन्हा पत्राकाम. इंजिनाची किंमत या सगळ्याच्या मानाने छोटी पडते.

आरबी२६चं आकर्षण मला मनापासून समजतं. १९८९च्या स्कायलाइन जीटी-आरचं हे इंजिन: सरळ सहा सिलिंडर, दोन टर्बो, जपानी मापाने २८० हॉर्सपॉवर. आणि यामागे परंपराही आहे. १९६९ मध्ये निसानने स्वतःच तेव्हाच्या स्कायलाइन जीटी-आरचं दोन कॅमशाफ्टचं एस२० इंजिन झेडमध्ये घालून झेड४३२ काढली होती. चार व्हॉल्व्ह, तीन कार्ब्युरेटर, दोन कॅम, त्यावरून ४३२. तेव्हा झेडमध्ये जीटी-आरचं इंजिन घालणाऱ्याला मूळ गाडी बाटवली असं कुणी म्हणू नये. पण जीटी-आर चारही चाकांवर चालणारी असल्याने त्या इंजिनाच्या ऑइल पॅनमध्येच पुढचं डिफरन्शिअल बसवलेलं असतं. झेडसाठी मागच्या चाकांवर चालणाऱ्या आरबीचा पॅन घ्यावा लागतो आणि तो क्रॉसमेंबरला (इंजिनाखालच्या आडव्या तुळईला) लागतो का ते मोजावं लागतं. त्यात हे इंजिन अमेरिकेत कधी विकलंच गेलं नाही. वॉटर पंप गेला तर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणार नाही, मागवून वाट बघावी लागेल.

३५०झेडचं व्हीक्यू३५, साडेतीन लिटरचं अॅल्युमिनियम व्ही-६, २८७ हॉर्सपॉवर, हा मधला मार्ग चांगला आहे. याच घराण्यातलं आहे आणि सुटे भाग सगळीकडे मिळतात. घ्यायचं तर अख्खी ठोकलेली ३५०झेड घ्या. नुसतं इंजिन घेतलंत तर इमोबिलायझर, इलेक्ट्रॉनिक पेडल आणि वायरिंग यांच्यात अडकाल.

तुमच्या पत्रातली एक ओळ मी दोनदा वाचली: रविवारी सकाळी मुलीला शेजारी बसवून स्कायलाइन बुलेव्हार्डने समुद्राकडे जायचंय. त्या वापरासाठी मी दोन गोष्टी सुचवेन. पहिली, २८०झेडएक्सचं एल२८. २,७५३ सीसी, मूळ माउंटिंगवर, मूळ जागेत, काहीही न कापता बसतं. त्यावर आधुनिक प्रोग्रॅमेबल ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक), इंजेक्टर आणि पाच गिअरचा बॉक्स. थंडीत एका सेल्फमध्ये सुरू होते आणि आवाज मात्र झेडचाच राहतो. दुसरी, नवंच इंजिन हवं असेल तर निसान २४०एसएक्सचं केए२४डीई. २,३८९ सीसी, म्हणजे मूळ इंजिनाच्या जवळजवळ तेवढंच, फक्त चार सिलिंडरमध्ये, १५५ हॉर्सपॉवर. स्वस्त, दणकट, आणि टॉर्क एवढाच की आर१८० त्याला पुरून उरतं. घेताना मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीतलं घ्या. आल्टिमातलं आडवं बसतं, ते चालणार नाही. मला विचाराल तर एल२८. सरळ सहाचा तो सूर गेला की माझ्यासाठी झेडचा निम्मा जीव जातो, आणि हे मी हिशेब म्हणून नाही, आवड म्हणून सांगतोय.

इंजिन कुठलंही असो, ते जागेवर टांगणं सोपं असतं. माझ्या पहिल्या स्वॅपमध्ये, म्हणजे इंजिन बदलण्याच्या कामात, दोन शनिवार-रविवारांत इंजिन आत होतं आणि गाडी रस्त्यावर यायला चौदा महिने लागले. त्यातले तीन महिने एका थरथरीत गेले. ताशी ९५ किलोमीटरला सीट गुणगुणायला लागायची. प्रॉपेलर शाफ्ट दोनदा बॅलन्स केला, टायर बदलले, शाफ्टच्या टोकांचे क्रॉस (सांधे) बदलले. चूक माझ्या मापात होती. इंजिनाचा कल मी ऑइल पॅनच्या कडेवर मीटर ठेवून घेतला होता. तो क्रँक पुलीच्या तोंडावर घ्यायचा असतो. गिअरबॉक्सची रेषा आणि डिफरन्शिअलच्या पिनियनची रेषा एकमेकींना समांतर हव्यात, आणि दोन्ही क्रॉसवरचा कोन सारखा, साधारण एक ते तीन अंशांमध्ये. झेडमध्ये एक सुख आहे, डिफरन्शिअल बॉडीलाच बांधलेलं असतं, त्यामुळे हा कोन खड्ड्यात बदलत नाही. एकदा बरोबर जुळवलात की जुळला. माउंटिंग कायमचं वेल्ड करण्याआधी नुसते टाके मारा, गिअरबॉक्स आणि शाफ्ट लावा, रबर दबू द्या, मग पुन्हा मोजा.

पेट्रोलच्या लाइनवर पैसे वाचवू नका. मूळ कार्ब्युरेटरला जेमतेम पाव बार दाब पुरायचा, इंजेक्शनला तीन बार लागतो, एलएसला चार. पन्नास वर्षांची रबरी नळी त्या दाबाला टिकत नाही आणि इथल्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुनं रबर आणखी मऊ करतं. सगळ्या नळ्या इंजेक्शनच्या दर्जाच्या घ्या. टाकी अर्धी असताना लांब वळणावर पेट्रोल एका बाजूला सरकतं, पंप हवा ओढतो आणि इंजिन ऐन वळणात दम सोडतं. त्यावर छोटी सर्ज टँक, म्हणजे पंपाला पेट्रोल देणारी कायम भरलेली लहान टाकी, हा खात्रीचा उपाय आहे. कूलिंगला अॅल्युमिनियमचा रेडिएटर, पंख्यांना नीट बंदिस्त श्राउड, आणि पाणी भरताना गाडीचं नाक उंच करून हवा काढणं. झेडचं तोंड मोठं आहे, एवढ्यात भागतं.

वायरिंगचं मात्र थांबून सांगतो. जुन्या गाडीत अर्थिंग ढिसाळ असलं तरी दिवे मंद लागण्यापलीकडे फारसं बिघडत नाही. ईसीयू आला की तेच अर्थिंग सेन्सरचे आकडे खोटे करतं. एकदा एका गाडीत ब्लॉक ते बॉडी ही जाड पट्टी लावायची माझ्याकडून राहिली. सेल्फ मारला तसा सगळा करंट वाट शोधत थ्रॉटलच्या केबलमधून गेला. ती केबल डोळ्यांदेखत तापून धुमसली आणि तिच्या वीतभर अंतरावर पेट्रोलची नळी होती. त्या दिवसापासून मी अर्थिंगच्या तीन पट्ट्या लावतो: बॅटरी ते ब्लॉक, ब्लॉक ते बॉडी, ईसीयूची वेगळी. प्रत्येक जागी रंग खरवडून उघड्या धातूवर. डॅशवरचा जुना अँपिअर मीटरही काढा. गाडीचा सगळा चार्जिंग करंट त्याच्यातून जातो, आणि आजच्या मोठ्या अल्टरनेटरपुढे ती जागा तापते. त्याच घरात व्होल्टमीटर बसवून घेता येतो, बाहेरून फरक कळत नाही. मूळ टॅकोमीटर इग्निशनच्या तारेतल्या करंटवर चालतो, त्यामुळे नव्या कॉइलवर मुका होतो, त्याला अॅडॉप्टर लागतो. गिअरबॉक्स इलेक्ट्रॉनिक असेल तर स्पीडोमीटरच्या केबलचंही तेच.

ब्रेक इंजिनाच्या आधी करा. जुन्या टोयोटा फोर बाय फोर पिकअपचे चार पिस्टनचे कॅलिपर झेडच्या पुढच्या चाकांवर बसतात, हा आमच्याकडे वर्षानुवर्षं पारखलेला उपाय आहे. त्याबरोबर मोठा मास्टर सिलिंडर घ्या. मागे ड्रमच ठेवलात तरी दोनशे हॉर्सपॉवरपर्यंत मला चिंता वाटत नाही, पण पुढचे-मागचे ब्रेक कुठले आधी लॉक होतात ते मोकळ्या मैदानात तपासल्याशिवाय मुलीला शेजारी बसवू नका.

कायद्याचं तुमचं नशीब चांगलं आहे. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग चेक (धुराची तपासणी) नाही, त्यामुळे १९७२च्या गाडीला इंजिन बदलताना ते तपासणाऱ्या रेफरीकडे जावं लागत नाही. हेच काम १९७६ किंवा नंतरच्या २८०झेडवर केलंत तर इंजिन गाडीच्या वर्षाचं किंवा त्यानंतरचं लागतं आणि त्याचे प्रदूषण रोखणारे सगळे मूळ भाग जागेवर लागतात. सायलेन्सरची ९५ डेसिबलची मर्यादा मात्र तुम्हालाही आहे.

पुण्याचं म्हणाल, तर भारतात २०२१ मध्ये ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम आले. त्यात अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नको. म्हणजे आरबी किंवा एलएस घातलेली झेड त्या दारातून आत जाणार नाही. एरवीही मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदीत असलेल्या मूळ स्वरूपात फेरफार चालत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अर्थ स्पष्ट केला आहे. पुण्याचा विचार खरंच मनात असेल तर मूळ एल२४ मोकळं करा, बांधून घ्या आणि तेच ठेवा.

येत्या शनिवारी एवढंच करा. बॅटरी काढा, तबकाखालचा डांबरी थर खरवडा, दोन्ही रेलचे खालून फोटो काढा. दोन्ही दारं उघडून, मग लावून, वरच्या-खालच्या फटी मिलिमीटरमध्ये मोजून लिहा. ब्लॉकचा नंबर आणि पट्टीचा नंबर एकाच कागदावर लिहून पाठवा. त्याआधी कुठल्याही इंजिनाचा अॅडव्हान्स देऊ नका. फोटो बघून गाडीचे रेल किती पेलतील ते मी सांगतो, मग इंजिनाचं ठरवू.